मासे वर आले की चुना

"बुलढाण्याले समुद्र कुठी हाये हो?"

नोकरीच्या तेहतीस वर्षांत हा प्रश्न मला जितक्यांदा विचारला गेला तितक्यांदा माझं नावही कुणी विचारलं नसेल. मुलगी पाहायला गेलो तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी विचारला, घर बांधायला कर्ज मागितलं तेव्हा बँकेतल्या माणसानं विचारला, आणि निवृत्तीच्या कार्यक्रमात भाषण करताना आमच्याच साहेबांनी विनोद म्हणून पुन्हा तोच विचारला. समुद्र नाही, हे मलाही माहीत होतं. पण पाझर तलाव आहेत, धरणं आहेत, शेततळी आहेत आणि त्या पाण्यावर पोट भरणारी भोई समाजाची घरं आहेत. मी मत्स्यव्यवसाय खात्यात क्षेत्रावरचा कर्मचारी होतो. तलावात बीज सोडणं, संस्थांना सल्ला देणं, मासे आजारी पडले तर धावत जाणं आणि मेले तर पंचनामा लिहिणं, एवढं माझं काम.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ती लपत नाही. आमच्या घरात मासा शिजत नाही. मी जन्मात मासा चाखलेला नाही. भोयांच्या बायका यावरून माझी भरपूर थट्टा करायच्या. "ज्याले चवच मालूम नाही, त्याले मासोळीचं काय समजन?" हे वाक्य मी पुष्कळ तलावांवर ऐकलं आणि दर वेळी हसून सोडून दिलं.

या अंकाच्या संपादकांनी मला 'काही गमतीदार अनुभव' लिहायला सांगितलं होतं. दोन-तीन आहेत, ते आधी लिहितो. पुढचा गमतीदार नाही.

एका तलावावर बीज सोडण्याचा मोठा कार्यक्रम ठरला होता. मंडप, माईक, हारतुरे सगळं. माशाची बोटभर पिल्लं, ज्यांना आम्ही बोटुकली म्हणतो, ती प्लास्टिकच्या पिशवीत पाणी आणि प्राणवायू भरून येतात. ही पिशवी आणल्या आणल्या फोडायची नसते. ती तशीच बांधलेली अर्धा तास तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवायची. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गरम झालं की तोंड सोडायचं, ओंजळ ओंजळ तलावाचं पाणी आत घ्यायचं, मग पिल्लं आपल्या पायानं, म्हणजे पायच नसतात त्यांना, पण आपल्या मर्जीनं बाहेर जातात. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा, ऐन दुपारी आले आणि त्यांना पुढं आणखी एक उद्घाटन होतं. मी पिशव्या तरंगत ठेवायला निघालो तर त्यांचा कार्यकर्ता म्हणाला, "सायेब, फोटो काढाचा हाये, मासोळी पोहत जाईन का निघून, तिले काय घाई हाये?" पाहुण्यांनी पिशवी उंच धरली, फोडली, टाळ्या झाल्या. थंड पाण्यातली पिल्लं कढत पाण्यात डोक्यावर पडली. दुसऱ्या दिवशी काठाला मेलेल्या पिल्लांची पांढरी रेघ लागली होती. वर्तमानपत्रात फोटो छान आला होता.

माशाला घाबरायला वाघ लागत नाही. जाळ्यात ओढलं, हातात धरलं, गर्दीत कोंडलं, पाणी अचानक बदललं की तो भेदरतो. खाणं सोडतो. अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तो थर गेला की मासा उघडा पडतो. मग पाण्यात एरवीही असलेली बुरशी, उवा, जंतू त्याच्यावर बसतात. पिंपळगाव राजाच्या बाजारात एका हिवाळ्यात अंगावर लाल चट्टे पडलेली मासोळी आली होती. गिऱ्हाईक लांब उभं राहून विचारत होतं, "हिले देवी आल्या का बाई?" विकणारी बाई बिचारी शपथा घेत होती. मी त्यांना सांगत बसलो की देवीबिवी नाही, घाण पाणी आणि वरून थंडी, त्यामुळं कातडी फाटते. कुणी ऐकलं नाही. एक म्हातारा एवढंच म्हणाला, "म्हंजे मानसासारखंच हाये." त्या दिवशी तिचा एकही मासा विकला गेला नाही.

देऊळघाटाकडच्या एका शेतकऱ्यानं हौसेनं शेततळ्यात मासे सोडले होते. सकाळी सकाळी त्याचा फोन आला. आवाजात कौतुक होतं. "सायेब, मासोळी नाचून राह्यली! पाह्याले या." मी गाडीला किक मारली तेव्हाच मला समजलं होतं. नाचणारा मासा मी आधी पाहिलेला होता. गेलो तर लहान पिल्लं आधीच उलटी झाली होती, मोठे मासे गोल गोल फिरत होते आणि काठावर बेडूक मरून पडले होते.

"फवारणीचा पंप कुठं धुता?" मी विचारलं.

"इथीच धुतो. पन दोनदाच धुतला."

"आत औषध होतं ना?"

"औषध तं अळीचं हाये. डब्यावर अळीचं चित्र हाये पाहा. मासोळीचं थोडी हाये?"

"ते चित्र माशानं पाहिलं नाही, भाऊ."

तो हसला नाही आणि मीही हसलो नाही. पण त्या तळ्यावर मी एक गोष्ट पक्की शिकलो, ती पुढं लागणार आहे म्हणून सांगतो. पाण्यातली हवा संपून मासे मरतात तेव्हा मोठे आधी जातात, कारण त्यांना हवा जास्त लागते. मरळीसारखा मासा तर वर येऊन आपल्यासारखी हवा घेतो, तो अशा वेळी मरतच नाही. विषानं मरतात तेव्हा मात्र लहानमोठं, बेडूक, मरळ, कुणी सुटत नाही. मेलेल्या माशांत मरळ आहे का, एवढं पाहिलं तरी अर्धं निदान होतं. मी हे नंतर प्रत्येक प्रशिक्षणात सांगायचो. लोक वहीत लिहून घ्यायचे.

आता ज्या तलावासाठी हे लिहायला बसलो, त्याबद्दल.

गावाचं नाव लिहीत नाही. डोणगावपासून फार लांब नाही एवढंच सांगतो. तिथल्या तलावावर भोयांची छोटी संस्था होती, दहा-बारा घरांची. अध्यक्ष होते शामराव. उंच, वाळलेला माणूस. ट्रकच्या ट्यूबवर बसून हातानं पाणी मारत जाळं लावायचा. एका कानानं अजिबात ऐकू यायचं नाही आणि दुसऱ्यानं थोडंसं. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. त्यामुळं त्या तलावावर माझी कुठलीच सूचना खाजगी राहायची नाही, सगळ्या काठाला ऐकू जायची. त्यांची बायको पारबताबाई. संस्था कागदावर शामरावांची होती, पण तलाव पारबताबाईचा होता. पाण्यात हात घालून, ते नाकाशी नेऊन ती सांगायची, "आज पानी जड हाये," आणि मी मनात हसायचो. पाणी जड असतं म्हणजे काय, ते माझ्या पुस्तकात नव्हतं.

तलावात गावाची गटार यायची, ती पूर्वीपासूनच होती. मग वरच्या अंगाला कुणीतरी म्हशींचा मोठा तबेला टाकला आणि शेण-मुताचा पाट सरळ पाण्यात सोडला. शामरावांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला, तबेलेवाल्याच्या पाया पडून झालं, काही हललं नाही. मी काय म्हणालो ते लिहितो. मी म्हणालो, "शेण म्हणजे तलावाचं खतच की. पाणी हिरवं होईल, मासे वाढतील." हे खोटं नव्हतं. आम्हीच तलावात शेण टाकायला सांगतो. पण भाजीत मीठ घालायला सांगणं वेगळं आणि मिठाचं पोतं उपडं करणं वेगळं. दोन वर्षं मासे खरंच वाढले. शामराव माझा फार मान ठेवायचे.

तिसऱ्या वर्षी, दसऱ्याच्या थोडं आधी, चार-पाच दिवस आभाळ धरून होतं. ऊन नाही, वारा नाही. एका सकाळी शामरावांचा निरोप आला, मासोळी वर आली. मी उजाडता उजाडता पोचलो. सगळ्या तलावभर मासे पाण्याच्या वर तोंड काढून उभे होते. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना कसं सांगू. मासा ओरडत नाही, तडफडतही नाही. फक्त तोंड उघडतो, मिटतो, उघडतो. हजारो तोंडं, आणि आवाज काहीच नाही. मोठमोठे कटला मासे काठाशी येऊन टेकले होते, माणसाला पाहून पळतही नव्हते. थोडे मेले होते.

कारण सोपं होतं. हिरवं पाणी दिवसा उन्हात हवा तयार करतं आणि रात्री तीच हवा खाऊन टाकतं. आभाळ असलं की दिवसाची कमाई नाही आणि रात्रीचा खर्च चालूच. पहाटेला पाणी रिकामं होतं. हे मी बरोबर ओळखलं होतं. आमच्या खात्यात यावर एक पाठ केलेला उपाय होता, मासे वर आले की चुना. चुन्यानं घाण खाली बसते, पाणी सुधारतं. मी तो उपाय शंभरदा सांगितला होता आणि बऱ्याचदा तो लागूही पडला होता.

"कळीचा चुना आणा," मी शामरावांच्या कानाशी ओरडलो. "जितकी पोती मिळतील तितकी. लवकर!"

ते मालाची रिक्षा घेऊन डोणगावला निघाले. पारबताबाई माझ्याजवळ आली.

"सायेब, हिरीवरची मोटर लावतो न. ताजं पानी सोडतो. पोट्टे ट्यूबीवर बसून पानी हालवतीन. चुना राहू द्या."

"का?"

"पानी नाकाले झोंबून राह्यलं. गोठ्यावानी वास हाये. गोठ्यात चुना फेकला का कसं होते? डोळ्याइतून पानी येते."

 सगळं शास्त्र त्या वाक्यात होतं. शेण-मुतातून अमोनिया तयार होतो. साध्या पाण्यात तो बराचसा निपचित पडून असतो. चुना पडला की तो जागा होतो आणि थेट विष बनतो. गोठ्यात चुना टाकल्यावर नाकाला झोंबतो तो हाच. माणूस गोठ्याबाहेर पळू शकतो. हे मी शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. पाणी तपासायच्या पट्ट्या आणि बाटल्या माझ्या गाडीच्या डिकीत होत्या. गाडी तीस-चाळीस पावलांवर उभी होती. पाच मिनिटांचं काम होतं. पण मला त्या वेळी वीस वर्षांचा अनुभव होता आणि मला पाणी नुसतं पाहून कळतं असं मी लोकांना सांगत असे.

"मोटर लावा," मी म्हणालो, "पण खरा उपाय चुनाच."

मोटर लावली. पोरांनी पाणी ढवळलं. शामराव मात्र येईनात. डोणगावात दुकानदार कुणाच्या तरी मातीला गेला होता, दुकान उघडायला दहा वाजले, येताना रिक्षा पंक्चर झाली. तोवर इकडं आभाळ निवळलं आणि बऱ्याच दिवसांनी कडक ऊन पडलं. पाण्यात हवा तयार व्हायला लागली. एकेक करून मासे खाली गेले. साडेअकराच्या सुमारास तलाव मोकळा दिसत होता. पारबताबाईनं पदरानं तोंड पुसलं. "गेली खाली मासोळी. आता राहू द्या सायेब."

नेमकी तेव्हाच रिक्षा आली. शामराव घामानं निथळत होते, पोती उतरवताना माफी मागत होते.

मी म्हणालो, "आणलाच आहे तर टाकून घेऊ. नाहीतर उद्या परत वर येतील."

खरंच, एवढ्यासाठी. चुना आला होता, माणसं जमली होती, आणि मी सकाळपासून त्याचं नाव घेत होतो. ड्रममध्ये चुना विरघळवला, तो फसफसला, आणि शामरावांनी आणि पोरांनी ट्यूबवर बसून सगळ्या तलावभर तो शिंपडला. उन्हात हिरवं पाणी आधीच अल्कधर्मी, म्हणजे चुन्याच्या बाजूला झुकलेलं असतं, त्यात हा आणखी.

मी पारबताबाईच्या घरी जेवायला बसलो होतो. माझ्यासाठी तिनं वांग्याची भाजी वेगळ्या गंजात केली होती. दुसरी भाकरी घेतली आणि बाहेर ओरडा झाला.

मासे उड्या मारत होते. काही आडवे होऊन चकरा घेत होते. सकाळी मेले त्यात मोठे होते, आता मात्र बोटाएवढी पिल्लंही पांढरी पोटं घेऊन वर येत होती. पोरं पाण्यात उतरून हातानं मासे काढायला लागली, आणि काढून ठेवणार कुठं? तासाभरात काठ भरला. शामराव कमरेएवढ्या पाण्यात नुसते उभे होते.

मी काठानं चालत गेलो. गाळाजवळ एक मरळ उलटी पडली होती, चांगली हातभर. मी ती उचलली. कल्ला उघडून पाहिला. निरोगी कल्ला डाळिंबाच्या दाण्यासारखा असतो, हा काळपट आणि चिकट होता. पाण्यातली हवा संपली तरी मरळ मरत नाही. मला तिथंच सगळं कळलं. मग मी गाडीकडं गेलो, डिकी उघडली आणि पट्टी पाण्यात बुडवली. ती गर्द निळी झाली, म्हणजे पाण्यात विष होतं. ती पट्टी मी चुरगाळून खिशात घातली. कुणी विचारलं नाही ती कसली.

पंचनामा मीच लिहिला. 'सततचे ढगाळ हवामान व पाण्यातील प्राणवायूची कमतरता.' शामराव सही करायला आले. हात ओले होते, कागदाला डाग पडला. त्यांनी माझ्याकडं पाहून विचारलं, आणि बहिऱ्या माणसाच्या सवयीनं मोठ्यानं विचारलं, "सायेब, चुना याले उशीर झाला का?"

सगळे माझ्याकडं पाहत होते. पारबताबाईही. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, त्यांना ऐकू जाईल असं, मोठ्यानं म्हणालो, "हो. उशीर झाला."

पुढं माझी बदली झाली. दुसरे तलाव, दुसरे मासे. मी नंतर कधीही पट्टी बुडवल्याशिवाय चुना सांगितला नाही. नव्या पोरांनाही बजावत गेलो. अमोनियाचं उदाहरण देताना 'एका तलावावर असं झालं होतं' म्हणायचो. कुणाच्या हातून झालं ते सांगायचो नाही. निवृत्तीच्या वेळी मला शाल मिळाली आणि 'पाण्याची नाडी ओळखणारा माणूस' असं एकजण म्हणाला. मी मान खाली घातली, लोकांना वाटलं विनय आहे.

या उन्हाळ्यात डोणगावला एका लग्नाला गेलो होतो. परतताना त्या तलावाकडं वळलो. कबूल करायला गेलो असं लिहायला मला आवडलं असतं. तसं नव्हतं. मी नुसता पाहायला गेलो.

तबेला आणखी वाढला होता. तलाव अर्धा जलपर्णीनं झाकलेला, उरलेलं पाणी पोपटी. भोयांची निम्मी घरं कुलूपबंद होती, माणसं वीटभट्टीवर गेली होती. पारबताबाई ओट्यावर बसून फासजाळं सांधत होती. म्हातारी झाली होती, पण मला लगेच ओळखलं.

"या न सायेब. आज कशी वाट चुकले? बसा. हे गेले, तीन वर्सं झाले." तिनं आत भिंतीवरच्या फोटोकडं हात केला. मला कुणी कळवलं नव्हतं. कळवणार तरी कशाला.

मी मासोळी कशी आहे विचारलं.

"कायची मासोळी. बीज टाकतो, चार-सा मयने वाढते. आभाळ आलं का वर येते अन् मरते. दरसाल." मग ती उठली आणि मला घराच्या मागं घेऊन गेली. पत्र्याच्या आडोशाला, लाकडी फळीवर, वरून ताडपत्री घालून, चुन्याची पोती रचून ठेवली होती. एकाला एक लावून, नीट. "हे पाहा. आता आमी उशीर करत नाही. तयार ठेवतो. मासोळी वर आली का नाही, त्याच घडीले टाकतो. वरच्या दोन गावाइलेबी आमीच सांगतलं."

मी पोत्यांवरची ताडपत्री उचलून पाहिली.

"तरी मरते," ती म्हणाली. "पन आपल्याकून कसूर नाही."

मी त्या पोत्यांवर हात ठेवला. मग सांगितलं. सगळं, सरळ. गोठ्याचा वास तिनं बरोबर ओळखला होता हे, पट्टी डिकीत होती हे, मासे खाली गेले होते, तरी मी चुना टाकायला लावला हे. मरळ, निळी पट्टी, पंचनामा. बोलता बोलता मी खाली बसलो असेन, कारण नंतर उठताना गवताची कुसळं पँटला चिकटलेली होती.

ती रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. जाळ्याची सुई बोटात फिरवत तिनं विचारलं,

"हे तुमाले त्याच दिशी मालूम होतं?"

"हो."

"मंग काऊन नाही सांगतलं?"

 नोकरी जाणार नव्हती. फार तर एक नोटीस आली असती. मी चुकलो हे दहा-बारा भोयांना कळलं असतं, एवढंच.

"ते मरेपरेंत म्हनत होते," पारबताबाई हळू म्हणाली. "म्हने, मी त्या दुकानाच्या पायरीवर बसून राह्यलो. दुसऱ्या दुकानात काऊन नाही गेलो. पंचर झाली तं पोतं खांद्यावर घेऊन काऊन नाही पळालो. लोकबी म्हनत, शामरावानं उशीर केला म्हून तलाव मेला. संस्थेतून उठले, अध्यक्षी सोडली. मंग कोनाशी बोललेच नाही. आमाले वाटे, बहिरं मानूस हाये, बोलाचं काय."

मी म्हणालो, "पारबताबाई, मला माफ करा."

"मले काऊन?" ती म्हणाली. "उठा. त्याइले सांगा."

ती आत गेली. मी मागोमाग गेलो. फोटोतले शामराव जत्रेत काढलेल्या फोटोसारखे ताठ बसले होते, मागं रंगवलेला पडदा. मी समोर उभा राहिलो. तोंड उघडलं आणि आवाज निघेना. मिटलं, पुन्हा उघडलं. शेवटी कसंबसं पुटपुटलो, "शामराव, उशीर झाला नव्हता."

"मोठ्यानं सांगा सायेब," ती दारातून म्हणाली. "त्याइले कमी ऐकू ये. त्या दिशी तं मोठ्यानं सांगतलं होतं."

मग मी मोठ्यानं सांगितलं. शेजारच्या दोन-तीन घरांतली माणसं काय झालं म्हणून दारात आली, तेव्हा त्यांच्याकडं वळून पुन्हा एकदा सांगितलं.